रोतुआसाठी चौतीस ठोके

दुमारिया बाईंनी रोतुआच्या बाबांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते कोंबड्यांमुळे. तळ्याकाठच्या त्या गावात शिक्षिका म्हणून येऊन बाईंना आठवडा झाला होता. चर्चची घंटा वाजायला लागली आणि शाळेच्या आवारातल्या सगळ्या कोंबड्या घंटाघराकडे पळत सुटल्या. बाईही मागोमाग गेल्या. एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस दोर ओढत होता आणि दर ठोक्याला खिशातून मक्याचा एक दाणा काढून खाली टाकत होता. गेलेल्याचं जितकं वय तितके ठोके, असा तिथला रिवाज.

"एक ठोका कमी पडला तर मेलेल्याचं एक वर्ष खाल्ल्यासारखं होतं, बाई," तो नंतर म्हणाला.

"आणि कोंबड्या खातात ते चालतं?"

त्याने हसू दाबलं. घंटाघरात तो कधी हसत नसे.

त्याचं नाव जाउलाक नादेआक. पण तिकडे मूल झालं की माणसाचं स्वतःचं नाव मागे पडतं, पहिल्या लेकराच्या नावानेच सगळे हाक मारतात. त्यामुळे ते रोतुआचे बाबा. रोतुआ पुढे बाईंच्याच वर्गात शिकली. अक्षर वाईट, आवाज गोड, आणि रविवारच्या शाळेत लहान मुलांना गोष्टी सांगताना स्वतःच आधी रडायची.

चर्चच्या मंडळीचं एक नियमांचं पुस्तक होतं. नियम मोडला म्हणून ज्याचं नाव रविवारच्या उपासनेत शिस्तीखाली वाचून दाखवलं जाई, त्याला प्रभुभोजनाची पवित्र भाकर नाही. आणि तसाच मेला तर त्याला घंटाही नाही. बाईंच्या डोळ्यांदेखत असे तिघं गेले. तिन्ही वेळा रोतुआचे बाबा दोराला न शिवता घरी कॉफी पीत बसले. "नियम आहे," एवढंच म्हणाले. बाईंना तेव्हा त्यांचा फार राग आला होता.

रोतुआचं लग्न मेदान शहरात झालं. चार वर्षांत नवऱ्याने दुसरा संसार थाटला. घटस्फोट मंडळीला मान्य नव्हता, तेव्हा दुसरं लग्नही नाही. ती पार्दोमुआन नावाच्या ट्रक ड्रायव्हरबरोबर राहू लागली आणि एका रविवारी तिचं नाव वाचलं गेलं. पुढे ती आजारी होऊन गावी आली ती पार्दोमुआनच्या पाठीवर बसून. तोच तिला धुवायचा, पेज भरवायचा.

मंडळीचे पुढारी साउत तिला भेटायला आले. त्यांची बायको रोतुआच्या बाबांची चुलत बहीण. "याला घराबाहेर काढ," ते म्हणाले, "मंडळीसमोर उभी राहून चूक कबूल कर. मी स्वतःच्या हाताने तुझं नाव खोडतो, पोरी."

"मामा, मला कूस बदलायलासुद्धा तो लागतो. त्याला काढलं तर उभी कशी राहू?"

ती गुरुवारी सकाळी गेली. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, महिन्यातून एकदाच येत; ते यायला अजून दोन आठवडे होते. म्हणजे सगळं साउतांच्या हातात. ते आधीच घंटाघराच्या दारात येऊन उभे होते. रोतुआच्या बाबांच्या खिशात चौतीस दाणे होते.

"दाजी, बाजूला व्हा."

"रोतुआचे बाबा, नियम तुम्हाला माझ्याइतकाच पाठ आहे."

"तिच्या नावाने हाक मारता मला, आणि तिला घंटा नाही?" त्यांचा आवाज चढला नाही, खाली गेला. "पोरवयात चर्चच्या दृढीकरणाच्या वर्गात आपण एका बाकावर होतो. माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो, असं विचारलं होतं. माझं चुकलं, मला छडी बसली. तुमचं बरोबर आलं. सांगा परत."

"विश्वासाने," साउत म्हणाले. "नियम पाळून नव्हे. पण विश्वास असेल तर तो वागण्यात दिसतो, हेही आपल्याला शिकवलंय. कुणीही कसंही वागावं आणि विश्वास आहे म्हणावं, तर मंडळी कशाला हवी?"

"तो पोरगा सात महिने तिचं गू-मूत काढत होता. वागण्यात आणखी काय दिसायला हवं तुम्हाला?"

"मानाहान माझा सख्खा भाऊ होता," साउत म्हणाले. "तो गेला तेव्हा त्याच्यासाठी मी घंटा वाजवू दिली नाही. आईने माझे पाय धरले होते. आज तुमच्या मुलीला वाजवली, तर मी त्या दिवशी आईला काय केलं?"

रोतुआचे बाबा मागे फिरले. मिटलं, असं सगळ्यांना वाटलं. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात मक्याच्या दाण्यांनी भरलेलं सूप होतं. साउतांना खांद्याने ढकलून ते आत शिरले.

ताडीच्या दुकानात बसलेल्यांनी पेले खाली ठेवले. "रोतुआ चौतीसची ना? पन्नास झाले."

"म्हातारा मोजायला चुकला."

"तो? तुझी बायको चुकेल पोरं मोजायला, तो नाही चुकणार."

शेतातली माणसं कुदळी टाकून धावत आली. एकसष्टाव्या ठोक्याला घंटा थांबली. "हे सोन्तांगच्या आजीचे, तिलाही घंटेशिवाय पुरलं होतं," रोतुआच्या बाबांनी दारातून सांगितलं. साउतांनी पुढे होऊन दोर पकडला.

"सोडा, दाजी. पुढचे सत्तावीस मानाहानचे आहेत."

साउतांनी दोर सोडला. ते तिथेच पायरीवर, कोंबड्यांच्या गर्दीत बसले. त्यांचे ओठ हलताना बाईंनी पाहिले. ते सत्तावीसपर्यंत मोजत होते.

मग अठ्ठेचाळीस ठोके सुतार पोल्ताकचे. आणि मग, तळहात सोलून दोर लाल झाल्यावर, चौतीस.

"तीन वेळा मी घरी बसलो," रोतुआचे बाबा जमलेल्या गावाला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता. "नियम पाळला. तो पाळून मी नीतिमान झालो नाही. हलकट झालो. तुम्हीही सगळे घरीच बसला होता."

दुमारिया बाईंनीही तिन्ही वेळा वर्ग नेहमीसारखा घेतला होता.

रविवारी साउतांनी स्थिर आवाजात जाउलाक नादेआक हे नाव शिस्तीखाली वाचलं आणि घंटाघराची किल्ली मागितली. रोतुआच्या बाबांनी ती पुढे जाऊन त्यांच्या हातात ठेवली. मग ते जागेवर परत आले आणि उपासना संपेपर्यंत उभे राहिले. तेव्हापासून कुणाचंही नाव वाचलं गेलं की ते उभे राहतात. चूक कबूल करा, असं सांगायला तीन पाळक येऊन गेले. तिघांनाही त्यांनी कॉफी पाजली आणि परत पाठवलं.

आता ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचं नाव अजून पुस्तकात आहे. पार्दोमुआन त्यांच्याच घरी राहतो, ट्रक चालवतो, आणि रविवारी सकाळी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावून देतो.