घासलेला गडू

हे मी आजवर कागदावरही उतरवलेलं नाही, मग कुणापाशी बोलणं तर दूरच. हेंकला जाऊन सात महिने झाले. माणसं भेटतात, हात हातात घेतात, “शेवटी डोळ्यांनी दगा दिला त्याला,” म्हणतात – आणि मी मान हलवते. त्या मान हलवण्याबद्दलच... थांबा, क्रमाने सांगते. जमेल का, माहीत नाही.

माझा नवरा हेंक डच, मी पुण्याची. राहिलो जर्मनीत, आखनला, कारण ग्रंथालयातली माझी नोकरी इथली, आणि सीमा ओलांडली की त्याचा देश. तो वस्तुचित्रं रंगवायचा, दुसरं काहीच नाही. अर्धवट सोललेलं लिंबू, शिंपला, चुरगळलेला पांढरा कपडा. एकेका चित्राला वर्ष, दीड वर्ष. माळ्यावरच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल मांडलेलं, प्रत्येक वस्तूभोवती खडूची बारीक रेघ. लिंबू सुकलं की नवं आणून तो तसंच सोलायचा. बाकी कशालाही हात लावायची कुणाला मुभा नव्हती. आमची रेवा लहानपणी त्या खोलीत यायची तीही हात पाठीमागे बांधून.

शेवटच्या मांडणीत माझ्या आईचा तांब्याचा गडू होता. त्यानेच मागून घेतला, वर अट घातली – घासायचा नाही. गडू काळा पडत गेला आणि तो ते काळं रंगवत गेला. तपकिरी, जांभळट, कडेला हिरवी झाक. मी कुरकुर केली की म्हणायचा, “तुझ्या देवांना चकचकीत लागतं. माझा देव गबाळा आहे.” मीही हसायचे. पण आईच्या गडूची ती दशा मला बघवत नव्हती. हे त्याला सांगितलं का? नाही. का नाही?

मग मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. त्याचा डावा डोळा लहानपणापासून अधू, सगळी मदार उजव्यावर. म्हणून आम्ही दोघं घाबरलेलो. शस्त्रक्रिया त्याच्या गावी झाली आणि तो चार दिवस बहिणीकडे राहिला. इथे घरी लक्ष्मीपूजन. मी एकटीच. दरवर्षी कलशाला स्टीलचा तांब्या घेते, त्या वर्षीही चालला असता. पण मी माळ्यावर गेले, गडू उचलला, चिंच-मीठ लावून खसखसून घासला. किती सुंदर दिसला! पूजा झाली, दुसऱ्या दिवशी पुसून खडूच्या रेघेत परत ठेवला. त्याची अट मला पक्की माहीत होती. तरी हात चालत होते. त्या क्षणी डोक्यात काय होतं? खरंच आठवत नाही. की आठवायचं नाही?

हेंक परतला आणि कोटही न काढता वर गेला. त्याने हाक मारली, मी गेले. तो गडूकडे बघत होता, मग चित्राकडे, मग परत गडूकडे.

“तू याला हात लावलास?”

“नाही.”

एवढंच. एक शब्द. खरं सांगितलं असतं तर रागावला असता – दोन दिवस, आठवडा. फार तर गडू पुन्हा काळा पडेपर्यंत. पण डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, रंग आता उजळ दिसतील, गोंधळू नका. माझं खोटं त्या वाक्यात अलगद बसलं. तो खुर्चीत टेकला. “म्हणजे इतकी वर्षं मी सगळं असं काळवंडलेलं बघत होतो?” स्वतःशीच म्हणाला.

मला वाटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी त्याने चित्रातला गडू सुरीने खरवडून काढला. नंतर भिंतीवरची जुनी चित्रं उतरवली – कपड्याच्या सावल्या, शिंपल्याचं पोट, सगळं त्याला खोटं वाटायला लागलं. पाच चित्रं त्याने नव्या, भडक रंगांनी झाकली. मी चहा घेऊन दारात उभी राहायचे. एका वाक्याचं काम होतं. चहा ठेवून खाली यायचे. मग त्याने ब्रश धुऊन ठेवले. रेवा फोनवर जर्मनमध्ये विचारायची, “पापा पुन्हा सुरू करणार ना?” मी मराठीत उत्तर द्यायचे, “हो गं, डोळा जरा स्थिरावू दे.”

भीती होती? होती. पण, कसं लिहू हे... स्वतःच्या नजरेवर इतका ठाम असलेला माणूस पहिल्यांदा मला विचारायला लागला होता, “हा रंग तुला कसा दिसतो?” ते मला आवडत होतं. थोडं. किती थोडं, ते अजून ठरवता येत नाही. कधी वाटतं त्याला कळलं होतं, तो फक्त माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होता. मग वाटतं, ही माझी सोय आहे.

पुढे आजाराने तो अंथरुणाला खिळला. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तो उशीवरून माझ्याकडे वळला आणि त्याने विचारलं, “मी खरंच सगळं चुकीचं बघत होतो का गं?”

मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

“थोडंसं,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.