सारख्या दारांचं गाव

परवा भाचीनं मोबाईलवर इंग्लंडमधल्या एका कापडगिरण्यांच्या गावाची जुनी पोस्टकार्डं दाखवली आणि मी तो पटकन पालथा ठेवला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. यवतच्या आमच्या घरी खाला, म्हणजे अम्मीची बहीण, माझ्यासाठी इंग्लंडातल्या त्याच गावचं स्थळ घेऊन आली होती. मुलाच्या आजोबांनी गिरणीत जन्म काढलेला. त्यांनी जमवलेली अशीच कार्डं खालानं कौतुकानं चटईवर मांडली. काळी धुरांडी, धुरकट आभाळ आणि उतारावर एकमेकांना चिकटलेली घरं. सगळ्यांची दारं अगदी सारखी. मी माणूस शोधत राहिले, पण एकाही कार्डात कुणी दिसेना. बाजारातून परतताना आपलं दार ओळखू आलं नाही, तर कुणाला आणि कुठल्या भाषेत विचारायचं?

"पोरगी राज्य करंल तिथं," खाला म्हणाली.

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. "तुझ्या तोंडून व्हय आल्याबिगर मी शब्द द्यायचो न्हाई. बोल."

मी कार्डांकडं बघतच म्हणाले, "अब्बा, मला लई भ्या वाटतंय. मी न्हाई जायची."

आता ते चिडणार म्हणून मी डोळे मिटले. कपबशी खडखडली, तेव्हा उघडले. अब्बांच्या कपातला चहा लुंगीवर सांडत होता आणि ते हसत खालाला सांगत होते, "भित्री हाय आमची पोर."

त्या शब्दाचा मला फार राग आला होता. ते हसू सुटकेचं होतं, हे मला माझी लेक सासरी निघाली तेव्हा कळलं.