निखिलच्या लॅपटॉपचा आवाज

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. "आपोआप चालू होतो हो" म्हणत लोक घाबरून आणतात, मी रोज उघडून बघतो. आत भूत कधी सापडलं नाही... झुरळं मात्र भरपूर. तरीही हे लिहितोय, कारण मनातून जातच नाही.

मागच्या मे महिन्यात शिरगावचे सुर्वेकाका आले. रिटायर्ड शिक्षक. मुलाचा लॅपटॉप काउंटरवर ठेवून म्हणाले, "बॅटरी तेवढी चांगली घाला ओ. लाईट गेली की दहा मिनटांत बंद पडतो. दिवसभर चालला पायजे."

चालू केला तर पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. आत धूळ साचली की मशीन तापतं, पंखा जोरात पळतो आणि बॅटरी खातो. म्हणून नवी बॅटरी तर घातलीच, वर काकांनी सांगितलं नसताना पंखा काढून तांबडी धूळ साफ केली, चिप गार ठेवणारी पेस्ट बदलली. लॅपटॉप इतका शांत झाला की चालू आहे की बंद ते कळेना. मी स्वतःवर जाम खूश!

दोन दिवसांनी काका परत हजर. चेहरा पार उतरलेला.

"आवाज कुठं गेला ओ याचा?"

"गेला ना! पंखा साफ केला."

"परत आणता येईल?"

मला हसू आलं... त्या हसण्याची आजही लाज वाटते.

मग काकांनी सांगितलं. एकुलता एक निखिल मुंबईच्या कंपनीचं काम घरूनच करायचा. दीड महिन्यापूर्वी दोन दिवस ऑफिसला म्हणून मुंबईला गेला आणि तिथेच हार्ट अटॅकने वारला. काकांनी सगळं तिकडेच उरकलं. काकी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या, डोळ्यांनी जेमतेम दिसतं. त्यांना सांगायचा धीर काकांना झाला नाही. रोज सकाळी नऊ वाजता ते निखिलच्या खोलीत लॅपटॉप चालू करून ठेवायचे. पलीकडच्या खोलीत पंख्याची घरघर ऐकू गेली की काकी म्हणायच्या, बसला वाटतं कामाला. कामाचा फार ताण आहे, तू झोपलीस की तुला बघून जातो, असं काका सांगायचे.

"काल दिवसभर विचारतेय, आज निखिल कामाला बसला नाय का? काय सांगू तिला?"

भंगारातून एक खडखडणारा पंखा शोधला आणि काकांना स्कूटरवर घेऊन तडक त्यांच्या घरी गेलो.

पडवीत बसून लॅपटॉप उघडला. बॅटरी सोडवून बाजूला ठेवली, आतला पंखा काढून हातात घेतला... आणि निखिलच्या खोलीतून घरघर सुरू झाली. तीच — मध्येच अडखळून पुन्हा जोर धरणारी. तसा आवाज करणारं मशीन माझ्या मांडीवर उघडं पडलं होतं.

उठून खोलीत गेलो. टेबल, खुर्ची, बंद खिडकी. छताचा पंखाही बंद. आवाज टेबलावरून येत होता आणि टेबलावर काहीच नव्हतं.

काका माझ्या मागे आले होते. दाराची चौकट धरून ते खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. दीड महिना दाबून ठेवलेलं रडणं ते. आता काकींना कळणार, या भीतीने मी काकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना गप्प करायला लागलो.

तेवढ्यात पलीकडून काकी बोलल्या. "अहो, मला ठाव आहे तो गेला ते. मुंबैहून आलात ना, तेव्हाच तुमच्या बोलण्यावरनं कळलं. तुमचा जीव तुटेल म्हणून बोलले नाय. पण आत्ता बसलाय ना तो कामाला... जरा हळू रडा."

संध्याकाळी सहाच्या सुमारास आवाज थांबला. तोवर मी तिथेच होतो. इन्व्हर्टर, वायरिंग, शेजाऱ्यांचा पंप, सगळं स्वतः तपासलं. लॅपटॉपचा पंखा का वाजतो ते मी कुणालाही पाच मिनिटांत समजावून देईन, पण ती घरघर कुठून आली ते मला आजही सांगता येत नाही.

उघडलेला लॅपटॉप त्या संध्याकाळी मी दुकानात नेला होता. आठवड्याने तो परत द्यायला गेलो, तेव्हा काकांना विचारलं, परत आला का आवाज?

"नाय ओ," काका म्हणाले. "पण आता आम्ही दोघं एकत्र बसून रडतो."