तात्यांचं पूर्ण नाव

मंगळवारी माझा नवरा गेला. काल मी त्याचं टेबल आवरलं. खणात एक फ्लॉपी निघाली, वर त्याच्या अक्षरात 'तात्या' लिहिलेली.

नव्वदच्या दशकात बारामतीच्या कॉलेजात आम्हा दोघांना मिळून एक कॉम्प्युटर होता. त्याचं गाव इंदापूरकडं. त्याचे वडील, तात्या, एकदा एसटीनं आले ते ठरवूनच: पोरगं नुसती बटणं बडवत असेल तर त्याला उसाला पाणी द्यायला परत न्यायचं.

त्यांच्यासाठी त्यानं सी भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता. नाव टाइप केलं की पडद्यावर स्वागत. नावाला जागा ठेवली वीस अक्षरांची.

"जास्त आली तर मेमरीत शेजारच्या जागेत घुसतील," मी म्हणाले. "वाचतानाच मर्यादा घाल."

"नाव ते असून असून केवढं असणार?"

तात्यांच्या गावात एकाच नावा-आडनावाची माणसं घरोघर. त्यामुळं तिथं नाव सांगताना वडील, आजा, वस्ती आणि तालुका जोडल्याशिवाय कुणी थांबत नाही. तात्या सांगत गेले, तो टाइप करत गेला. एंटर दाबलं आणि यंत्र जागीच अडकलं.

"का रं, दमलं व्हय? अजून जिल्हा ऱ्हायलाय."

तो कानापर्यंत लाल झाला. मी त्याला बाजूला सारलं, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि जागेपेक्षा जास्त वाचूच नये अशी ओळ घातली. या खेपेला यंत्र तगलं, पण नाव तात्यांच्या वडिलांच्या मधोमध तुटलं. नवऱ्यानं, म्हणजे तेव्हा नवरा नसलेल्यानं, ते घाबरत वाचून दाखवलं.

"आमच्या आबांचं मुंडकं ठिवलं. धड कुठं हाय?"

मी त्यांना चहाला बसवलं आणि सगळं नव्यानं लिहिलं. अक्षरं येतील तशी यंत्राकडं जागा मागायची. मिळाली का ते दर वेळी तपासायचं. नाव संपल्याची खूण म्हणून शेवटी शून्याला एक घर राखायचं. काम झालं की जागा परत करायची, आणि एकदा परत केली की तिकडं फिरकायचं नाही.

अख्खं नाव आलं, जिल्ह्यासकट. तात्यांनी ते दोनदा वाचून घेतलं.

"ऱ्हा हितंच," ते मुलाला म्हणाले. "पण ही पोरगी शेजारी बसत असंल तरच."

"बसती की!" तो लगेच म्हणाला.

मला कुणी विचारलं नाही. मी पुस्तकात डोकं घालून बसून राहिले, पान न उलटता.

तात्या आता नाहीत. ती फ्लॉपी वाचायचं यंत्रही घरात नाही. प्रोग्रॅम मला पाठ आहे.