एक्स्ट्राचा वाटा

आमच्या कबड्डी संघात बक्षिसाच्या पैशाचे साडेसात वाटे पडत. मैदानात उतरणाऱ्या सात जणांना एकेक पूर्ण, आणि बाहेर बसणाऱ्या आठव्याला अर्धा. या आठव्याला आम्ही एक्स्ट्रा म्हणायचो. वाट्यात काही बदल करायचा असेल तर सीझनच्या आधी मारुतीच्या पारावर बसायचं, आणि संघातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूने पहिल्यांदा बोलायचं, ही जुनी रीत होती. तो बोलला की बाकीचे माना हलवत. त्या वर्षी सगळ्यात मोठा मी होतो. छत्तीस वर्षांचा, चिखलीच्या एका कृषी केंद्रात बिलं फाडणारा, आणि गावच्या मते अजून तालुक्यातला एक नंबरचा रेडर.

आमचा एक्स्ट्रा तिशीतला. उंद्रीच्या रस्त्याला त्याचं दोन एकर रान, त्यात भाजीपाला. पहाटे माल बाजारात टाकून तो दहाच्या मॅचला हजर असे. अशी त्याने सहा वर्षं काढली. कुणाचा घोटा मुरगळला की उतरायचा, दोन-चार चढायांत गुण आणायचा आणि तो माणूस सावरला की मुकाट्याने बाहेर येऊन बसायचा. रेडरच होता तो. म्हणजे माझ्याच जागेचा.

लोणारकडच्या एका संघाने त्याला तीस हजार उक्ते आणि पूर्ण वाटा कबूल केला, तेव्हा गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. चहाच्या टपरीवर दोन तट पडले. आमचा कोपरा सांभाळणारा गडी म्हणाला, "बसणाऱ्याले खेळणाऱ्याएवढं देता, मंग आमी काऊन हाडं मोडून घ्याची?" दुसऱ्याचं म्हणणं, "तो बाहेर बसला असते म्हणून तर तू बिनधास्त उडी मारतं बे." दोघांचंही खरं होतं. मी चहा संपवून पैसे दिले. मला टपरीवर बोलायचं नव्हतं, पारावर बोलायचं होतं.

कारण माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून गेला होता. बुलढाण्याच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं की खेळणं बंद करा. ते मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मॅचच्या आधी एकटाच शाळेच्या मागे जाऊन पट्टी बांधायचो आणि वरून लांब पँट घालायचो. एक्स्ट्राला पूर्ण वाटा दिला तर चार दिवसांत लोक विचारणार, पूर्ण पैसे घेतो तर बाहेर काऊन बसतो, आणि मग सगळ्यांची नजर माझ्याकडे वळणार. कबड्डीशिवाय माझ्याकडे काय होतं? खताची बिलं. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

रविवारी सकाळी पारावर तो उभा राहूनच बोलला. "मले त्यांच्याएवढे नका देऊ भाऊ. पूर्ण वाटा द्या अन् पंधरा हजार. मी कुठी जात नाही." ते पंधरा हजार आम्हा सातांच्या वाट्यातून जाणार होते. माझ्या खिशाला ते जड नव्हते. तरी मी मोठा आव आणून म्हणालो, "सातही गडी धडधाकट हायेत. बसणाऱ्यासाठी खेळणाऱ्याचा घास काऊन काढाचा?"

माना हलल्या. तो म्हणाला, "हाव भाऊ," आणि गाडीला किक मारून निघून गेला.

त्या सीझनच्या तिसऱ्याच स्पर्धेत, सेमीफायनलला, माझ्या पायाला कुणी हातही लावला नसताना मी वळलो आणि खाली बसलो. परत उठता आलं नाही. बाहेर बसलेलं कुणी नव्हतं; आमचा एक्स्ट्रा लोणारकडून खेळत होता. उरलेले सहा जण बावीस गुणांनी हरले, आणि मी ते खुर्चीवर बसून पाहिलं. पुढच्या वर्षी आणखी दोघे दुसऱ्या गावांकडे गेले. चार जणांचा संघ होत नाही. आता मैदानावर लोक सोयाबीन वाळत घालतात, आणि मी कामावर जाताना तिकडे बघायचं टाळतो. गावाला अजून वाटतं की आमचं नशीब फुटकं. मी कुणाची समजूत दुरुस्त केलेली नाही.

माझं ऑपरेशन झाल्यावर एक्स्ट्रा एकदा घरी आला. दुपार होती, मी खाटेवर पाय लांब करून पडलो होतो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "मले मालूम होतं भाऊ. दोन वर्षापासून."

"कसं?"

"बाहेर बसून दुसरं काय करत होतो मी? तुमचा गुडघाच पाहत होतो. उजव्या पायावर वळाचं सोडून देलं होतं तुमी."

मी विचारलं, "मंग पारावर काऊन नाही बोलला?"

"पयले बोलाचा मान तुमचा. मले वाटलं, तुमी सांगसान." मग म्हणाला, "तुमी सांगतलं असतं ना, तर मी अर्ध्या वाट्यावरच राह्यलो असतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. चुकलो, एवढा एकच शब्द म्हणायचा होता, तो अगदी तोंडाशी आला होता. मी त्याला विचारलं, लोणारला जायला इथून सरळ एसटी आहे का. तो म्हणाला, नाही, मेहकरला बदलावी लागते.