बाबांच्या झोपेचा आलेख

बाबांचा श्वास झोपेत अडकतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. त्याला आजार म्हणतात, हे मात्र माहीत नव्हतं. घोरता घोरता ते मध्येच गप्प व्हायचे. मग आई झोपेतच त्यांना कोपराने ढोसायची, ते कूस बदलायचे, घोरणं पुन्हा सुरू व्हायचं आणि आम्ही निर्धास्त झोपायचो.

आई गेल्यावर बाबा अंबरनाथ पूर्वेच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. मी लग्न होऊन पुढच्या स्टेशनला, सोनिवलीला. "आमच्याकडे या," म्हटलं की ते विचारायचे, "तिथे माझं कोण आहे?" मला ते धरतच नसावेत.

त्यांना दिवसा बसल्या बसल्या डुलक्या यायला लागल्या, तेव्हा मी त्यांना उल्हासनगरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटाला क्लिप, छातीला पट्टा आणि नाकाखाली नळी अशी तपासणीची मशीन एका रात्रीसाठी घरी दिली. रिपोर्ट पाहून ते म्हणाले, "झोपेत श्वास सारखा थांबतोय. ऑक्सिजन बराच खाली जातो. हवा दाबाने आत सोडणाऱ्या मशीनचा मास्क लावूनच झोपा."

बाबांनी मास्क जेमतेम आठवडाभर लावला आणि परत खोक्यात ठेवला. "फॅक्टरीत आयुष्यभर तोंडाला मास्क बांधला. आता झोपेतही बांधू?"

मी समजावलं, चिडले, रडलेही. उपयोग झाला नाही. शेवटी भावाने पुण्याहून एक घड्याळ पाठवलं. ते मनगटावर असलं की बाबांचा ऑक्सिजन माझ्या मोबाइलवर दिसायचा आणि फार खाली गेला तर मोबाइल वाजायचा. घड्याळाला बाबा नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं, सुटले.

पहिल्याच रात्री मोबाइल वाजला. आमच्यामध्ये एका अख्ख्या स्टेशनाचं अंतर. मी काय करणार? फोन लावला. ते जागे झाले, श्वास सुरू झाला, आकडा वर चढला. मग हे रोजचंच झालं. एकदा तर फोन घ्यायला अंधारात धडपडत उठले आणि पलंगाच्या कडेवर गुडघा आपटून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा सुजलेला गुडघा स्टुलावर ठेवून ते बसले होते.

"तुझी आई बाजूला होती," ते शांतपणे म्हणाले. "तिने उठवलं तरी मला कळायचंसुद्धा नाही. तुझा फोन वाजला की मला वाटतं, कुणीतरी गेलं."

"मग मास्क लावा ना, बाबा."

"त्यात जीव घुसमटतो गं."

"आणि त्याच्याशिवाय काय होतं, ते मी रोज बघते."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ जरा फिरवलं. मग म्हणाले, "घड्याळ काढत नाही. तू बघ. पण फोन करू नकोस."

फोन न करता कसं चालेल, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मास्क त्यांनाच लावावा लागेल. घड्याळ फक्त दाखवतं."

मोबाइलचा तो आवाज मी बंद केला. आता सकाळी डबा भरताना आलेख उघडते. रेघ कुठे कुठे खोल खाली गेलेली असते आणि पुन्हा वर आलेली असते. ती कशी वर आली, कुणामुळे आली, मला कळत नाही. मी बाबांना फोन करते, "झोप लागली का?" म्हणून विचारते.

"मस्त लागली," ते म्हणतात.

मी "बरं" म्हणते.