बाईंची यादी

बाई कुणाकडेही खालून वर बघायच्या. आधी पाय, मग गुडघे, मग खांदे, आणि वेळ उरलाच तर तोंड.

वॉटफर्डला आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका शाळेच्या हॉलमध्ये असतो. बाई तिथे पहिल्यांदा आल्या तेव्हा आरतीला उभ्या राहून सगळ्यांच्या पायांकडे बघत होत्या. एकीनं तर हळूच पाय साडीत ओढून घेतले. मी बाईंना हॉस्पिटलमधून ओळखत होते. त्या भूलतज्ज्ञ, मी तिथल्याच फार्मसीत. म्हणून जवळ जाऊन विचारलं, "बाई, काही हरवलंय का?"

"अगं, किती सोय आहे इथे! सगळे अनवाणी," बाई म्हणाल्या. "ती उंच मुलगी कुणाची?"

"माझी. ईरा."

"उंची?"

"पाच फूट दहा."

"उडी मारते?"

आता तुम्हीच सांगा, गणपतीत एखादी बाई आपल्या मुलीची उंची विचारायला लागली तर काय वाटणार? मला वाटलं, भाच्यासाठी स्थळ बघतायत. उडीचं काही कळलं नाही, पण म्हटलं असेल एखाद्या घराण्याची रीत. मी आपलं गोड आवाजात सांगितलं, "बाई, ती अजून युनिव्हर्सिटीत आहे. एवढ्यात लग्नाचं बघत नाही आम्ही."

"लग्न डोंबलाचं! मला रक हवीय गं, रक."

रक म्हणजे काय ते मला त्या दिवशी प्रसाद खाता खाता कळलं. बाई मूळच्या साताऱ्याच्या. इकडे यायच्या आधी काही वर्षं मेलबर्नच्या हॉस्पिटलात होत्या आणि तिथून तिथल्या फुटबॉलचं वेड घेऊन आल्या होत्या. आपला गोल बॉलचा फुटबॉल नव्हे. यात बॉल लांबट, मैदान क्रिकेटएवढं, दोन्ही टोकांना चार चार खांब. बॉल लाथेनं मारायचा नाहीतर मुठीनं ठोसायचा, हातानं फेकायचा नाही. खेळ सुरू करताना पंच बॉल वर उडवतो, तेव्हा उंच उडी मारून तो आपल्या मुलींकडे ढकलते ती रक. बाईंनी इथे बायकांची टीम काढली होती, आणि टीमला धड रक नव्हती.

पुढच्या रविवारी ईरा पार्कात होती. मी तिला नको म्हटलं होतं. आमच्याकडे माझं नको म्हणजे काय, ते तिच्या वडिलांना विचारा.

बाई कोच नव्हत्या. कोच एक ऑस्ट्रेलियन शिक्षिका होती. बाईंचं काम यादीचं. यंदा टीममध्ये कोण राहणार, कोण जाणार, जाणारीच्या जागी कुणाला आणायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण टीममध्ये येणाऱ्या ऑस्ट्रेलियन मुली दोन वर्षांच्या व्हिसावर आलेल्या. कुणी शाळेत शिकवतेय, कुणी पबमध्ये काम करतेय. खेळ त्यांना उत्तम यायचा, आणि जरा कुठे टीम जमली की व्हिसा संपायचा. शिवाय आमच्या लीगचा नियम असा की मैदानावर निम्म्या तरी खेळाडू ऑस्ट्रेलियाबाहेर वाढलेल्या पाहिजेत. त्या निम्म्या आणायच्या कुठून?

बाई कुठूनही आणायच्या. एकदा त्या मला घरी सोडायला निघाल्या होत्या. एक मुलगी बसमागे जिवाच्या आकांतानं धावत होती. बाईंनी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि म्हणाल्या, "बस गेली तुझी. ये, सोडते. आणि रविवारी काय करतेस?" मी सीटमध्ये खाली खाली सरकत होते. ती मुलगी आमच्याच एक्स-रे विभागात निघाली आणि पुढे तीन सीझन टीमची सगळ्यात चपळ खेळाडू होती. आता बाई ग्लासगोला गेल्यात, मोठ्या हुद्द्यावर. तिथल्या बसस्टॉपवरच्या मुलींनी जपून राहावं.

बाईंची एक सवय मला अजिबात पटायची नाही. कुणाबद्दलही सांगताना त्या वाईट आधी सांगायच्या. "आधी खोट सांगायची," त्या म्हणायच्या. "मग चांगलं सांगितलेलं लोकांना खरं वाटतं." तत्त्व म्हणून ठीक आहे हो. पण एका शनिवारी सकाळी त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून फोनवर बोलत होत्या आणि मी त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी परतत होते. फोनवर मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबसाठी खेळाडू शोधणारा माणूस होता, बाईंच्या जुन्या ओळखीचा. बाई त्याला सांगत होत्या, "डावा पाय नाही तिला. अजिबात नाही. चिडते फार. सकाळी लवकर उठत नाही."

मी उलथनं थांबवलं. ही माझी मुलगी!

"पण ऐक," बाई पुढे म्हणाल्या, "बॉल खाली पडला की उंच मुली उभ्या राहतात. ही वाकते. चिखलात तोंड घालून बॉल काढते आणि उठताना बाजूच्या मुलीलाही उठवते. मी तुला आजवर कुणाचं नाव सांगितलं नव्हतं. हिचं सांगते."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "बाई, माझ्या घरात बसून, माझ्या हातच्या खिचडीची वाट बघत, माझ्याच मुलीची खोट?"

"मग लवकर उठते का ती?"

 मी त्यांना खिचडी वाढली, जरा जास्तच.

तिकडे दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड असते. सगळे क्लब पाळीपाळीनं एकेक नाव उचलतात, आणि तळाला असलेल्या क्लबची पाळी आधी. तुम्ही कुठून खेळायला लागलात याला महत्त्व नाही. कुणीतरी तुमचं नाव घेतलं पाहिजे, बस. ईराला हे समजल्यापासून ती दुसरं काही बोलतच नव्हती. पहाटे उठून डाव्या पायानं बॉल मारत बसायची. मी खिडकीतून बघायचे आणि मला एकाच वेळी वाटायचं की हिचं व्हावं आणि हिचं होऊ नये. झालं तर ती पृथ्वीच्या त्या टोकाला जाणार. मी स्वतः कुठून कुठे आले हे माहीत असून मला असं वाटायचं, काय करणार!

मग सप्टेंबरमध्ये एका गुरुवारी ईरा रडत घरी आली. बॅग दारातच टाकली. बाईंना ती मावशी म्हणायची, आपल्या इथल्या मोडक्या मराठीत.

"आई, माझा नाव काढला मावशीनी. फायनलच्या टीममधून."

"काढलं? का?"

"सांगत नाही. नुसता म्हणते, यादीत नाही तू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या वर्षांत टीम पहिल्यांदा फायनलला पोचली होती, ती माझ्या मुलीच्या उड्यांवर, आणि तिलाच बाहेर? मी तिथल्या तिथे बाईंना फोन लावला. बाई, तुम्ही असं करूच कसं शकता, इथून सुरू केलं ते माझ्या चांगुलपणापर्यंत येऊन थांबले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं? आता ऐक. मेलबर्नवाल्यांनी डब्लिनला चाचणी ठेवलीय. याच शनिवारी. तिला बोलावलंय."

"पण शनिवारीच तर..."

"फायनल. तेच. मी तिला सोमवारी सांगितलं. म्हणाली, मैत्रिणींना सोडून जाणार नाही. तुला बोलली नाही ना?"

"चकार शब्द नाही."

"वाटलंच. यादीत नाव असतं तर ती खेळली असती. आता नाव नाही. मग ती इथे राहून करणार काय? तिकीट काढ तिचं."

मी विचारलं, "आणि तुमची रक?"

"एक ऑस्ट्रेलियन पोरगी उभी करू. पण मग बाहेरची एक कमी पडते. बघते काहीतरी."

ईराला सांगितलं तेव्हा ती आधी माझ्यावर चिडली, मग बाईंवर, आणि मग बॅग भरायला लागली. शनिवारी सकाळी तिचे बाबा तिला घेऊन ल्यूटनहून डब्लिनला गेले. मी पार्कात गेले. कुणी बोलावलं नव्हतं, पण मला घरी बसवेना.

टीम मैदानात उतरली तेव्हा मला आधी वाटलं, पंच आहे. मग नीट पाहिलं. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, केसांना चाप, आणि पाठीवर ईराचा नंबर. बाई! पन्नाशी उलटलेली, साताऱ्यात वाढलेली, म्हणजे नियमाप्रमाणे पक्की ऑस्ट्रेलियाबाहेरची. कमी पडणारं नाव बाईंनी स्वतःचं घातलं होतं.

"बाई, हे काय?" मी दोरीजवळून ओरडले.

"यादी पूर्ण केली!" बाई ओरडल्या आणि मागच्या फळीत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर त्यांच्या निम्म्या वयाची मुलगी होती. ती पळाली की बाई पळायच्या, आणि बाई पोचेपर्यंत ती दुसरीकडे पळालेली असायची. पण बाई हटल्या नाहीत. बॉल जवळ आला की "माझा! माझा!" असं चक्क मराठीत ओरडायच्या, आणि समोरच्या मुली दचकायच्या. एकदा तर एक उंच आलेला बॉल त्यांनी खरंच झेलला. शिट्टी वाजली, खेळ थांबला, झेलाबद्दल बाईंना मोकळी लाथ मिळाली. ती लाथ अशी बसली की बॉल थेट काटेरी झुडपात गेला. मी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसूनच म्हणा.

आम्ही हरलो. फार नाही, पण हरलो. ईरा असती तर जिंकलो असतो हे सगळ्यांना माहीत होतं. बाई गवतावर बसल्या होत्या, करंगळी टम्म सुजलेली. मी थर्मासातला चहा दिला.

"माझी खोट सांगू?" त्या म्हणाल्या. "पळता येत नाही, लाथ मारता येत नाही, आणि वय. चांगलं काय ते तू सांग."

"झेललात ना एक!"

"झेलला की नाही?" बाईंचा चेहरा असा फुलला, जणू फायनल आम्हीच जिंकलीय. आणि लगेच, "डब्लिनहून काही फोन?"

फोन आला तो दोन आठवड्यांनी. ईरा त्यांना आवडली होती, पण निवडीच्या दिवसापर्यंत नक्की काही नाही म्हणाले. तो दिवस डिसेंबरात होता. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळच्या चहाची वेळ. बाई हॉस्पिटलला जाता जाता आल्या आणि सोफ्याच्या कडेवर बसल्या. टीव्हीवर एकेक नाव येत होतं. मुली उठत होत्या, आयांना मिठ्या मारत होत्या. डब्लिनला चाचणी घेतलेल्या क्लबची पहिली पाळी आली आणि गेली. दुसरी गेली. ईरानं माझा हात धरला होता, आणि तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती. तिचे बाबा कुणी मागितला नसताना पुन्हा चहा ठेवायला गेले. बाई सोफ्याच्या कडेवरून जराही मागे सरकल्या नव्हत्या. 

त्या क्लबची शेवटची पाळी आली. माणूस माइकपाशी आला, कागद बघितला, आणि त्यानं माझ्या मुलीचं नाव घेतलं.

पुढचं मला सलग आठवत नाही. ईरानं मारलेली किंकाळी आठवते. तिचे बाबा हातात गाळणं घेऊन नाचत होते ते आठवतं. फोन वाजायला लागले. पेढे आणायला उठले तेव्हा लक्षात आलं, सोफ्याची कड रिकामी आहे.

मी तशीच स्लिपर घालून बाहेर गेले. रात्रभराच्या थंडीनं गाड्यांवर पांढरं हिव साचलं होतं. बाई त्यांच्या गाडीची पुढची काच एका जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डानं खरवडत होत्या. जोरजोरात खरवडत होत्या आणि रडत होत्या.

"अहो बाई! पेढा न खाता निघालात? आणि रडताय काय?"

"रडतेय," बाई म्हणाल्या. डोळेही पुसले नाहीत. "एवढ्या मुली आल्या नि गेल्या, मी कधी रडले नाही. टीम आहे, जागा रिकामी होते, भरायची. पण ही... मला ती इथे हवी होती गं. खूप हवी होती."

मी इतके महिने जे कुणाला बोलले नव्हते, नवऱ्यालाही नाही, ते तोंडातून निघून गेलं.

"मला पण," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी सरळ तोंडाकडे. मग खिशातून दुसरं एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. घरात ईरा कुणाला तरी फोनवर मोठमोठ्यानं सगळं पहिल्यापासून सांगत होती, आणि आम्ही दोघी, मी एका बाजूनं आणि बाई दुसऱ्या बाजूनं, काच खरवडत राहिलो.